बांधावरची सतरा झाडं

व्हर्ना क्लिंगरने मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं झाड करवतीने आडवं केलं, ते तिला दुसरं लग्न करायचंय म्हणून, अशी आवई ओहायोतल्या आमच्या तळ्याभोवतीच्या एकसष्ट घरांत दुपारच्या जेवणाआधी फिरून आली. त्यात झाडाचं तेवढं खरं. लग्नाचं म्हणाल, तर एकाहत्तर वर्षांच्या व्हर्नाला एक एल्डनच पुरून उरला होता.

खरी भानगड धरणाची. आमचं तळं पोहायला, होड्या फिरवायला आणि न पकडलेल्या माशांच्या थापा मारायला. सत्तर वर्षांपूर्वी एका घरं विकणाऱ्याने ओढ्यावर मातीचा बांध घातला, घरं विकली आणि तो पसार झाला. बांध पडला आमच्या गळ्यात. त्याची देखरेख करणारी समिती म्हणजे एकटी व्हर्ना.

कुणी गेलं की बांधावर त्याच्या नावाचं झाड लावायचं, ही रीत तिनेच पाडलेली. घरच्यांच्या सहीशिवाय त्या झाडाला हात लावायचा नाही, हा नियमही तिचाच. यंदा राज्याचा तपासनीस आला, बांधावरून दोन तास फिरला आणि म्हणाला, "बाई, मुळं पाण्याला वाट करून देतायत. झाडं काढा, खड्डे चिकणमातीने ठोकून भरा. नाहीतर तळं रिकामं करावं लागेल."

बांधाच्या पायथ्याशी चाकांवरची बावीस घरं आहेत. आमच्या उन्हाळी जेवणाला त्यांना कुणी कधी बोलावलं नाही. बांध फुटला तर पाणी मात्र आधी त्यांच्याच दारात जाणार.

व्हर्नाने पहिला एल्डनचा मेपल पाडला. ते पाहून पंधरा घरांनी सह्या दिल्या. अडला एकटा डॉयल हॅकेट. त्याच्या बायकोचा, जॉयसचा विलो सगळ्यांत थोराड. दर रविवारी डॉयल त्याखाली कॉफी पीत तिच्याशी गप्पा मारायचा. ती होती तेव्हा इतका कधी बोलला नसेल.

"नाही म्हणजे नाही," त्याने दार अर्धंच उघडलं. "जॉयसला हात लावलास तर बघ!"

"सरक बाजूला, म्हाताऱ्या." व्हर्ना सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि तिने टेबलावर काचेची बरणी ठेवली. तिच्यात विलोच्या बुंध्याशी झिरपणारं पाणी होतं. "अर्धा तास बघत बस. तळाशी काही बसलं नाही, तर पुन्हा येणार नाही."

दोघं बसली. पाणी निवळत गेलं, तसा तळाशी तांबूस गाळ साचला. डॉयलने चाळीस वर्षं नळकाम केलेलं. पाण्याबरोबर माती येऊ लागली म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"बांधाच्या पोटातली?"

"हो. मागच्या महिन्यात पाणी नितळ येत होतं."

बराच वेळ त्याला पेन सापडेना. तिने स्वतःचं पुढे केलं. सही करून त्याने कागद तिच्याकडे ढकलला आणि खेकसला, "आणि रविवारी मी कुठे बसू?"

"माझ्या पडवीत," व्हर्ना म्हणाली. "खुर्ची मात्र घरून आण. एल्डनच्या खुर्चीवर मी करवत ठेवते."