देवीच्या पायरीवर सुटलेला उपवास

गेल्या नवरात्रात घटस्थापनेपासून धरलेला माझा उपवास पाचव्या दिवशी सुटला, आणि तोही देवीच्याच पायरीवर. आपल्या हातून मोठा अपराध घडला, असं त्या क्षणी वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते जसं घडलं तसं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला. त्या वर्षी नवरात्राचे नऊही दिवस माझ्या पत्नीने पाणी आणि रोजच्या एक कप दुधावर काढले. मी बरा झालो. मागच्या उन्हाळ्यात मात्र तीच आम्हाला सोडून गेली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरात आता मुलगा, सून आणि मी असे तिघे. नवरात्र जवळ आलं तशी मनाने उचल खाल्ली, की तिने आपल्यासाठी केलं, तर आपणही तिच्या नावाने तेवढं करू. अडचण एकच होती. माझी हृदयाची एक गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणासोबतच घ्यायची आहे. रिकाम्या पोटी घेतली तर उठताना रक्तदाब एकदम उतरतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनेला हे पाठ होतं. ती शाळेत शिकवते. सकाळी निघण्याआधी ती माझ्यासाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी झाकून ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, खाऊनच गोळी घ्या, हं." मी मान हलवायचो. ती गेली की भगर शेजारच्यांच्या गायीपुढे ठेवायचो आणि गोळी नुसत्या पाण्याबरोबर गिळायचो; संध्याकाळचं ताट खोलीत मागून घेऊन तेव्हाही तेच करायचो. चाळीस वर्षं कचेरीत कारकुनी केली, कागदावर कधी खोटं लिहिलं नाही. आणि घरच्या लेकीसारख्या पोरीशी चार दिवस खोटं वागत होतो. त्याला मी भक्ती म्हणत होतो.

पाचव्या दिवशी गोळी घेऊन एसटीने टेकडीवरच्या देवीला गेलो. पायऱ्या फार नाहीत, पण दर दहा पायऱ्यांवर थांबावं लागलं. दर्शन झालं. पत्नीच्या नावाने ओटी वाहिली, डोळे मिटले. मनात शांती येईल असं वाटलं होतं, पण आत नुसतं कोरडं होतं. आपण इतकं करतो आहोत आणि ही आपल्याकडे पाहतसुद्धा नाही, असा एक रुसवा मनात आला. बाहेर येऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने उठायला गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं आठवत नाही.

भानावर आलो तेव्हा मी आडवा होतो आणि माझे पाय कुणीतरी आपल्या पिशवीवर उचलून ठेवले होते. शेजारी माझ्याच वयाची, नऊवारीतली एक बाई बसली होती.

"उठू नोका भाऊ, पडून राह्या," ती म्हणाली. "गोळी कोनती घेता?"

मी खिशातलं गोळ्यांचं पाकीट दाखवलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"माह्या घरच्याईले, आमच्या मालकाले, हेच पाकीट देत होते. दवाखान्यातली सिस्टर लय रागवे, उपाशीपोटी घेऊ नोका म्हने. काई खाल्लं का सकायपासून?"

"उपवास आहे," मी म्हणालो.

मला बरं वाटल्यावर तिने हळूच बसतं केलं, पाणी पाजलं आणि फडक्यातली ज्वारीची भाकर सोडली. वर वांग्याची कोरडी भाजी होती. एक तुकडा मोडून तिने माझ्या हातावर ठेवला.

"बाई, देवीच्या दारात उपवास कसा मोडू?"

"तिच्या दारातून कोनी उपाशी जाते का, भाऊ? खा."

मी खाल्लं. घास गिळताना रडू येत होतं, ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ती दूरच्या खेड्यातून आली होती आणि तिचं दर्शन व्हायचं होतं. तरी ती माझ्याबरोबर पायऱ्या उतरली, एसटीत शेजारी बसली आणि वर्ध्याहून ऑटोने मला घरापर्यंत घेऊन आली. दर्शन राहिलं, असं मी दोनदा म्हणालो. "ती कुठं पयून नाई चालली," एवढंच म्हणाली.

दार शाळेतून परतलेल्या सुनेने उघडलं. माझा चेहरा पाहून ती घाबरली. "काय झालं? सकाळी खाऊन गेलते ना, बाबा?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. ती बाई माझ्या मागेच उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "पाचही दिवस नाही."

सून खुर्चीवर बसली. रागवेल असं वाटलं, पण तिचे डोळे भरून आले. "आईनं नऊ दिवस काऊन उपाशी काढले होते, बाबा? तुम्ही असावं म्हणूनच ना?"

त्या बाईने आमच्याकडे चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. त्याच संध्याकाळी सुनेने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला. यापुढे उपवास मनात आला तर आधी विचारायचं, आणि स्वतःच्या मनाने गोळी ना उपाशीपोटी घ्यायची ना बंद करायची, असं शांतपणे सांगितलं.

देवीने तिला पाठवलं का, ते मला ठाऊक नाही. एक भली बाई तिथे होती आणि तिला ते पाकीट ओळखू आलं, इतकंच मी सांगू शकतो. पण त्या दिवसापासून मला एक कळलं आहे. उपाशी राहण्यात माझा हट्ट होता, मी किती करू शकतो हे देवीला दाखवायचं होतं. स्वतःला सोपवणं त्याहून कठीण निघालं. दुसऱ्याने कळवळून पुढे केलेला घास निमूटपणे घेणं, हे मला सत्तरीत शिकावं लागलं.

नवमीला आम्ही तिघं देवीला गेलो. सकाळी पोटभर जेवलो होतो. या वेळी मी काहीच मागितलं नाही, काही मोजून दाखवलंही नाही. हात जोडून उभा राहिलो आणि सुनेने माझा दंड धरला, तो धरू दिला.