गेल्या वर्षीचं आवतण

वासोण्याच्या रस्त्यावर शेतीचं एक संग्रहालय आहे. आत भिंतीवर जू आणि तिफण टांगलेली. बाहेर कुंपणात शेळ्या, कोंबड्या आणि एक बैलजोडी. भिंतीवरचं ते जू या बैलांच्या मानेवर कधी चढलं नाही. शाळांच्या सहली येतात, मुलं फोटो काढतात आणि जातात.

वडील जळगावकडचं शेत सोडून राखोलीच्या कारखान्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत मशीनपाशीच उभे राहिले. त्यानंतर मात्र पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते तूप-हळदीची वाटी घेऊन तिथे जात आणि बैलांचे खांदे चोळत.

"ज्यांच्या खांद्यावर ओझंच नाही, त्यांचे खांदे कशाला चोळायचे?" आई म्हणायची.

"मग तू चल. तुझे चोळतो."

चोळून झालं की बैलाच्या कानाशी वाकून ते आमच्याकडच्या रीतीप्रमाणे म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन जात.

गेल्या वर्षी त्यांनी आवतण दिलं आणि पोळ्याच्या पहाटे ते गेले. भिजवलेली डाळ तशीच राहिली. सुतकात पुरण कसलं? तेराव्यानंतर आई एकदाच म्हणाली, "बोलावून उपाशी ठेवलं गं त्यांना."

यंदा तिथीने श्राद्ध पोळ्यालाच आलं. आईने पुरण घातलं. कावळ्याने घास नेला, तरी ती जेवायला बसेना. "आधी तिकडे जाऊन ये," म्हणाली.

कुंपणापाशी राखणदाराने अडवलं. "बेन, खायला द्यायची मनाई आहे. पाटी वाचली नाही?"

"यांना आमच्या घरचं आवतण आहे."

"कधीचं?"

"गेल्या पोळ्याचं."

तो हसला. "लई लवकर आलात! दिलं कोणी?"

"वडिलांनी. तूप-हळद घेऊन यायचे ते."

"ते काका? काल वाट बघितली त्यांची. आले नाहीत."

मी पोळ्यांचा डबा पुढे धरला. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाची साखळी काढली.

"दोघांना सारखं द्या हं. तो पलीकडचा रुसतो."

पोळ्या बघता बघता संपल्या. आदल्या संध्याकाळी मी आवतण द्यायला गेले नव्हते. गेल्या वर्षीचंच बाकी होतं.

आमलीतल्या घरी परतले, तर आई दारातच उभी होती.

"जेवले?"

"जेवले."

मग तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं.