फिल्मच्या कोपऱ्यातला डाग

आई-बाबा दोघंही गेल्यावर कपाटातून बाबांनी काढलेल्या फिल्मची तीन रिळं निघाली. ताई पुण्याहून फोनवर म्हणाली, "तुला त्यातलं कळतं, तूच कर." बोईसरच्या कारखान्यात मशीनं सांभाळणाऱ्याला सगळंच कळतं, असा आमच्या घरी समज आहे. मी मुकाट्याने जुन्या प्रोजेक्टरसमोर कॅमेरा बसवला आणि एकेका चौकटीचा फोटो काढू लागलो. हजारो चौकटी, आणि सगळ्यांत ताई!

ताई तारापूरच्या वाळूत, ताई वाळत घातलेल्या बोंबलांखाली, ताई आम्ही तेव्हा राहायचो त्या वसाहतीच्या फाटकाशी. मी कुठेच नाही. दोन वर्षांचा होतो की तेव्हा! माझ्यासाठी बाबांना वीतभर फिल्म जड झाली होती. चाळिशी उलटलेल्या माणसाने यावर जळणं बरं नव्हे, पण मी जळलो.

हे फोटो एकावर एक नेमके बसले नाहीत, तर चित्र नाचतं. त्यासाठी फिल्मच्या काठावरचं भोक धरून प्रत्येक फोटो जुळवायचा असतो. मी आळस केला आणि संगणकाला ताईचा चेहराच धरायला लावला. मग ताई मधोमध स्थिर, आणि अख्खा समुद्र तिच्याभोवती डोलतोय. आमच्या घरात असंच होतं, मी मनात म्हटलं.

शेवटी सगळं भोकांवरून जुळवलं. चौकट जागची हलेना, पण आतलं चित्र हेलकावतच राहिलं. म्हणजे हात बाबांचाच हलत होता. वर कोपऱ्यात एक काळपट डाग सारखा ये-जा करायचा. तो मी कापून टाकला.

पुढच्या रविवारी ताई आली होती. वसाहतीत असल्यापासून आम्हाला मासळी देणारी मावशी दारात टोपली घेऊन आली. फिल्ममध्ये बोंबील उलटणारी बाई तीच, म्हणून तिला संगणकासमोर बसवलं.

"मावशी, बाबांचा हात फार हलायचा बघ," मी म्हटलं.

"हलंल नाय तं काय? एका हातात ती फोटोची पेटी, दुसऱ्या हातावर तू. वाळूत पाय ठेवायला तयार नाय. खाली ठेवला का भोकाड! आन सारखा त्या पेटीला हात घालायचास."

मी कापलेला कोपरा परत आणला आणि फिल्म चौकट-चौकट पुढे सरकवली. डागाला बोटं होती. पाच, आखूड, पुसट.

ताई पडद्याकडे वाकली. "म्हणजे तू त्यांच्या कडेवर, आणि मला तेवढं लांब उभं करायचे," ती म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तो तुकडा तिला आणखी तीनदा दाखवला.