वेगळी खोली नको

कुसुमताई गेल्याचं कळलं तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध-ब्रेड घेत होते. "मावशी, आई गेली... इन हर स्लीप," त्यांची मुलगी फोनवर म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला. लिहायला बसले की रडू यायचं, म्हणून टाळत होते. पण आपली आठवण काढून कोणी रडत बसलेलं बाईंना मुळीच चाललं नसतं.

इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला राहणाऱ्या या नर्सबाईंची आणि माझी ओळख इस्पितळातली. मी तिथे फार्मसिस्ट. तरुणपणी ताईंनी काही वर्षं अमेरिकेत, अलाबामात नोकरी केली होती. तिथली लोरेटा नावाची कृष्णवर्णीय नर्स त्यांची जिवाभावाची मैत्रीण. कॉलेजात असताना ही लोरेटा गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात काउंटरवर जाऊन बसली. लोकांनी डोक्यावर केचप ओतलं, पोलिसांनी फरफटत नेलं. सुटल्यावर केस धुतले आणि पुन्हा तिथेच जाऊन बसली! हे सांगताना ताईंचा चेहरा असा खुलायचा, जणू त्याच गेल्या होत्या.

आम्हा मराठी बायकांना ती गोष्ट पाठ होती. ती ऐकून मान डोलवायची आणि डबा खायला गाडीत जाऊन बसायचं, असा आमचा शहाणपणा. कारण इस्पितळात आम्हा कर्मचाऱ्यांच्या टी-रूममध्ये 'उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी लागली होती. फिश अँड चिप्स चालायचे, आमची मेथी चालत नव्हती. ताई मात्र त्या पाटीखालीच डबा उघडायच्या. तक्रारी झाल्या, ताकीद मिळाली. आता पुढची पायरी नोकरी जाण्याची, तीही निवृत्ती तोंडावर आलेली असताना. शेवटी मॅनेजरनेच तोडगा काढला. आम्हा भारतीयांना स्वतंत्र खोली आणि वर नवा मायक्रोवेव्ह! आम्ही हरखूनच गेलो. नारळ फोडून उद्घाटन करायचं ठरलं, शिरा माझ्याकडे होता.

त्या दिवशी ताई दारातच थांबल्या.

"आत या ना ताई, तुमच्यामुळेच तर मिळाली खोली," मी म्हटलं.

"लोरेटाच्या गावात बसस्टँडवर काळ्यांसाठी वेगळी खोली होती. तिथेही बाकडी होती की." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि माझ्या आईला तुमच्यासारख्यांच्या घरी चहा मिळायचा ना, तो वेगळ्या कपात. कप छान होता गं, फुलाफुलांचा..."

इतकी वर्षं एकमेकींचे डबे खाल्ले, पण हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

ताईंनी शिऱ्याचं पातेलं उचललं आणि सरळ टी-रूम गाठली. आम्ही सगळ्या मागोमाग. सामोआ बेटावरच्या सीना नर्सने खुर्ची सरकवली, "स्वीट ॲज, कुसुम, सिट!" 'स्वीट ॲज' म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. मॅनेजर धावत आला. "बट वी गेव्ह यू अ रूम!"

"वी डोन्ट वॉन्ट अ रूम," ताई म्हणाल्या. "टेक दॅट साइन डाउन."

त्या दिवसापासून गाडीत कोणी जेवलं नाही. सीना नारळाच्या दुधात शिजवलेला टारो, म्हणजे अळूचा कंद आणू लागली, फिलिपिनो मुली सुकी मासळी. कोणाकोणाला काढणार? एका दुपारी मॅनेजर स्वतः आला आणि त्याने पाटी उतरवली. आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला, सीनाने तर टेबलावर ठेकाच धरला. ताई फक्त म्हणाल्या, "चला, जेवून घ्या, गार होतंय." आयुष्यात एवढा आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल.

परवा नाशिकहून आलेल्या नव्या नर्सने टी-रूममध्ये बोंबलाचं कालवण गरम केलं. खोलीभर घमघमाट सुटला. कोणी मान वर करून बघितलं नाही. बघितलं ते मीच, डोळे भरून... आणि पोरगी गोरीमोरी झाली.

"सॉरी मावशी, बाहेर जाऊन खाऊ का?"

"खबरदार बाहेर गेलीस तर!" मी इतक्या जोरात म्हटलं की अख्खी खोली हसली. मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि जन्मात मासा न चाखलेल्या मी तिच्यापुढे माझी ताटली धरली.