टोपवाल्यांची वरात

लांब केसांचे कितीही लाड करणारी बाई तिच्या खुर्चीत बसली, की मानेपर्यंत केस कापून घेऊन हसतच उठायची. म्हणून तिचं नाव पडलं बॉबताई. त्या बॉबताईचेच केस आजारपणातल्या औषधांनी ओंजळीओंजळीने गेले, आणि तिच्या पार्लरमध्ये गल्ला सांभाळणाऱ्या वहिनीखेरीज कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही.

ती करामत टोपवाल्यांची. एके काळी ते नाटक कंपन्यांसाठी केसांचे टोप बनवत. त्यांच्या हाताखाली बसलेला किरकोळ नट राजा होऊन उठायचा. काय हात होता! पुढे कंपन्या बसल्या आणि टोपवाले आजारी माणसांसाठी टोप करू लागले. बॉबताईच्या डोक्यावर त्यांनी असा टोप चढवला, की जन्मभर केसांत बोटं घातलेल्या बायकाही फसल्या. त्याआधी तिच्या उघड्या डोक्याचे चारी बाजूंनी फोटो घेतले. "मापापुरते हं," असं तेच म्हणाले होते.

एका दुपारी पलीकडची पार्लरवाली धावत आली आणि गिऱ्हाइकांदेखत बॉबताईच्या गळ्यात पडली. "अगं, सांगायचं नाहीस का? एकटीने सोसलंस?"

तिच्या फोनवर टोपवाल्यांची जाहिरात होती. एका बाजूला उघडं डोकं, समोरून नि मागून; दुसऱ्या बाजूला टोप. डोळ्यांवर काळी पट्टी. ही जाहिरात त्यांनी गावातल्या पार्लरांना धाडली होती. पट्टी लावली की झालं, अशी त्यांची समजूत. पण केस कापणारी माणसं तोंड बघतात कुठे? त्यांच्यासमोर दिवसभर असतो तो डोक्याचा मागचा भाग.

"कानामागचा तो डाग माझ्या हातचा," पार्लरवाली म्हणाली. "आपण दोघी शिकायला होतो तेव्हा केस कुरळे करायची गरम सळई मीच टेकवली होती. विसरेन होय?"

पार्लरापार्लरांतून बातमी गेली. बॉबताईची गिऱ्हाइकं "तुम्ही आता विश्रांती घ्या" असं मायेने म्हणत आणि केस दुसरीकडे कापून घेत. ती माया तिला चाबकासारखी लागे.

ती वहिनीला घेऊन तडक टोपवाल्यांच्या दुकानात गेली. ते शांतपणे एका टोपाचे केस विंचरत बसले होते.

"नाव घातलंय का? तोंड दाखवलंय का? मग ती तुम्ही कशावरून? उलट चार आजारी बायकांना धीर येतो, ताई."

"डोकं माझं, आणि धीर वाटणार तुम्ही?"

वहिनी परतीच्या वाटेवर म्हणाली, "वन्सं, तो केस वाळवायचा ड्रायर घालू या का त्याच्या टाळक्यात?"

"दोन दिवस दुखेल नि राहील. मला पुरणार नाही ते."

पुरेल असं हत्यार केस कापायला आलेल्या वकीलबाईंनी दिलं. ओले केस पुसत खुर्चीतूनच त्या म्हणाल्या, "नाव नसेना का! फोटोवरून माणूस ओळखू येत असेल, तर ती माहिती त्या माणसाची. मापासाठी दिलेली परवानगी मापापुरतीच. ती मागे घेता येते. फोटो पुसून टाका म्हणता येतं, आणि ज्याला ज्याला धाडले त्यालाही पुसायला सांगणं हे टोपवाल्यांचं काम."

बॉबताईची कात्री थांबली. "म्हणजे त्यांनी सगळ्या पार्लरांत जायचं?"

"फोनवर कळवलं तरी चालतं. वर दंडही होईल."

"दंड भरून मोकळे होतील. मला ते चालताना हवेत."

तक्रार ऐकणाऱ्या अधिकारीबाईंनी नेमका टोपवाल्यांचाच प्रश्न विचारला. या फोटोतली बाई तुम्हीच, हे परक्याला कसं कळावं? टोपवाले मिशीत हसले. कचेरी माणसांनी भरलेली होती. नट टोप उतरवायला विंगेत जातो. बॉबताई कुठेही गेली नाही. तिने तिथेच टोप उतरवला, मान वळवली आणि साक्षीला आलेल्या पलीकडच्या पार्लरवालीला म्हणाली, "दाखव त्यांना तुझं काम."

डागावर बोट टेकलं, तसं टोपवाल्यांचं हसू विरलं. अधिकारीबाईंनी सहज विचारलं, "यांच्यासारखी आणखी कुणाची डोकी धाडलीत?" टोपवाल्यांना घाम फुटला. "ताई, काय हवं ते मागा. इथेच मिटवू."

"प्रत्येक पार्लरात स्वतः जायचं. परवानगी नसताना फोटो वाटला, हे सर्वांदेखत सांगायचं आणि समोर उभं राहून पुसून घ्यायचा. मी बरोबर असेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघाली. पुढे टोपवाले, मागे उघड्या डोक्याने बॉबताई, तिच्यामागे वहिनी. पहिल्या पार्लरात ते जमिनीकडे बघून पुटपुटले.

"मागच्या खुर्चीपर्यंत पोचलं नाही," बॉबताई म्हणाली. "पुन्हा!"

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुढच्या ठिकाणी पुन्हा. बायका केसांना रंग लावून घेता घेता आरशातून त्यांच्याकडे बघत. कुणी फिदीफिदी हसली, कुणी "शोभतं का या वयात?" म्हणाली. बॉबताई एकेक शब्द चवीने ऐकत होती. दुपारपर्यंत टोपवाल्यांचा आवाज बसला. वहिनीला राहवलं नाही. तिने त्यांना सावलीत बसवून पाण्याची बाटली दिली.

"ताई," टोपवाले घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता तरी माफ केलंत ना?"

"कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. पाणी प्या सावकाश," बॉबताई म्हणाली. "टेकाडावरची दोन पार्लरं राहिलीत."