उंदराच्या पोटातला उजेड

बंगळुरातल्या येलहंक्याच्या मराठी मंडळींत नावामागे डॉक्टर लावणारा पहिला माणूस म्हणजे रणजीत. पदवी रसायनशास्त्रातली, पण लग्नकार्यात कोणी दुखरा गुडघा पुढे केला तर याने कधी नाही म्हटलं नाही. गुडघा चाचपायचा, चेहरा गंभीर करायचा आणि सल्ला द्यायचा. पंगतीत बसण्यापेक्षा त्याला यातच जास्त सुख होतं.

पोटापाण्यासाठी तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत कार्बनचे कण बनवी, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते शरीरात टोचायचे, मग ते गाठीपाशी जमतील आणि खास कॅमेऱ्याखाली चमकून तिचा पत्ता सांगतील, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. ती रणजीतच्या हाती पडली, एवढंच तिचं दुर्दैव.

एके दिवशी टोचलेल्या उंदराचं पोट चमकलं आणि स्वारी हवेत गेली. न टोचलेला उंदीरही त्याच कॅमेऱ्याखाली ठेवून बघायचा, ही या कामाची बाराखडी. पण बाराखडी इतरांनी गिरवावी, असं याचं मत. फोटो समाजाच्या ग्रुपवर गेला आणि अध्यक्ष भगवंतरावांनी लगोलग सत्काराची तारीख ठरवली.

तो फोटो त्याच्या थोरल्या बहिणीनेही पाहिला. सकवारबाई तिचं नाव, पण सगळे अक्काच म्हणत. तिच्या यकृतात डाग दिसला होता. तो कसला, हे कळायला औषध टोचून एमआरआय काढायचा होता. मूत्रपिंडं जरा कमजोर, म्हणून तिला त्या औषधातल्या धातूची धास्ती. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, काळजी घेऊन देऊ, पण उशीर करू नका. अक्काने भावाला विचारलं आणि गुडघे चाचपणाऱ्याने बसल्या जागी यकृताचाही निकाल लावला.

"ते धातूचं औषध कशाला टोचून घेतेस? स्वल्प थांब, अक्का. माझं येतंय."

उंदरापासून माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी बोलून गेला निर्लज्ज.

सत्काराच्या आदल्या दिवशी त्याने चुकून भलताच उंदीर कॅमेऱ्याखाली ठेवला. त्याला काहीच टोचलेलं नव्हतं, तरी पोट तितकंच चमकलं. रणजीतने खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचलं. उंदरांच्या खाद्यात लसूणघास होता आणि त्या हिरव्या पाल्याचाच तो उजेड होता. फोटोच्या आधी काही दिवस खाद्य बदलायचं असतं, पण घाईत कोण बदलतो! अक्काला सांगायला त्याने फोन हातात घेतला. मग मनाशी म्हणाला, कार्यक्रम होऊ दे, नंतर सांगू. आणि फोन खिशात टाकला.

सभागृह भरलं. भगवंतराव रणजीतच्या उजेडावर भरभरून बोलले आणि शाल घालायला त्यांनी अक्कालाच वर बोलावलं. पायऱ्या चढताना तिला धाप लागली. शाल उलगडता उलगडता ती हळूच म्हणाली, "इस्पितळातून फोन आला होता, परवा या म्हणून. मी नको सांगितलं. घेईन तर तुझंच घेईन, कितीही दिवस लागू देत."

समोर सगळ्यांचे मोबाइल फोटोसाठी रोखलेले होते. बहिणीच्या कानात दोन शब्द सांगायला कोणी अडवलं नव्हतं.

"सरी, अक्का," रणजीतने कानडीत होकार भरला आणि शाल नीट बसावी म्हणून त्याने मान जरा खाली केली.