सासूबाई ऑन एअर

माझ्या सासूबाईंनी उभं आयुष्य रेडिओवर गाण्यात घालवलं आणि एकाही श्रोत्यासमोर त्या कधी गायल्या नाहीत. स्टुडिओत लाल दिवा लागला की सुरू, विझला की गप्प! समोर माणसं दिसली की त्यांचा आवाज फुटायचाच नाही.

त्या पुण्याहून अबूधाबीला आमच्याकडे आल्या, तेव्हा मराठी मंडळाचा कार्यक्रम ठरत होता : हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांतल्या एका गायिकेची कारकीर्द, रेडिओपासून पडद्यापर्यंत. निवेदन माझं (मीच मागून घेतलेलं!). आणि तिची गाणी सासूबाईंना कॉलेजपासून तोंडपाठ.

"एकदा तरी लोकांसमोर गावंसं वाटतं हो," त्या म्हणाल्या, "पण जमायचं नाही."

मला अगदी भरून आलं. "आई, लोकांकडे बघूच नका. मी लाल दिवा आणतो, त्याच्याकडे बघून गा!" (इंजिनिअर जावई उगाच असतो का?)

दिवा त्यांच्यासमोर ठेवला, स्विच माझ्या टेबलावर. पहिलं गाणं झकास झालं. टाळ्या! त्या माझ्यासाठीच आहेत असं समजून मला चेव आला.

"रेडिओवरची ही साधी मुलगी..." म्हणत मी हात फेकला. कोपर स्विचवर! सासूबाई सुरू! मी घाईघाईने दिवा बंद केला, तर त्या अर्ध्या शब्दावर गप्प. 'सॉरी' म्हणून वाकलो, तर या वेळी पोटाने स्विच दाबला!

"बाबा, डोंट टच एनीथिंग!" पहिल्या रांगेतून लेक ओरडली.

मी घाबरून मागे सरकलो. पुढचं गाणं अगदी वरच्या सुरात पोचलं होतं आणि माझा पाय वायरीत अडकला. दिवा गेला. सासूबाईंचं तोंड उघडं, आवाज बंद!

"अहो, लावा ना दिवा!" बायको किंचाळली.

मी टेबलाखाली शिरलो. प्लग नीट बसेना. दिवा लुकलुकायचा आणि प्रत्येक वेळी एकेक सूर बाहेर पडायचा. हॉल हसून लोटपोट! सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, बाईंची हौस मी मातीत घातली.

तेवढ्यात माइकवर आवाज आला, "जावईबापू, खलास! पुरे आता. बसा तिथेच." डोळे पुसत, स्वतःही हसत त्या दोन पावलं पुढे आल्या, लोकांकडे सरळ बघितलं आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायल्या. सगळा हॉल उठून उभा राहिला. मी टेबलाखालीच रडत होतो, आनंदाने.

बाहेर आलो तर मंडळाचे सेक्रेटरी पुढच्या कार्यक्रमासाठी त्यांची तारीख घेत होते.

"आणि निवेदन?" मी विचारलं.

"तुमचंच की, हबीबी!" सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. "फक्त घरूनच रेकॉर्ड करून पाठवा."